बारा वाजता येणारा समुद्र

माझ्या सासऱ्यांना कुणी विचारलं, "आबा, समुद्राला भरती कधी येते हो?" तर हातातलं काम न थांबवता ते सांगायचे, "बारा वाजता." दिवसाच्या की रात्रीच्या, असं पुढं विचारलं तर म्हणायचे, "दोन्ही. सकाळी सहाला मागं, बाराला पुढं, संध्याकाळी सहाला परत मागं. समुद्र लय टायमाचा हे. एसटीसारखं नाय त्याचं." हे इतकं ठासून सांगायचे की समोरचा गप्पच बसायचा. मीही गप्प बसले, नऊ वर्षं.

खंडेराव दरेकर त्यांचं नाव. विंचूरच्या कांदा मार्केटात चौतीस वर्षं मापारी होते. मापारी म्हणजे लिलाव झालेला माल तोलून देणारा माणूस. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी, मध्ये काटा आणि काट्यापाशी आबा. दोघांनाही एकमेकांचा संशय, पण आबांचा नाही. ते वजन बोलले की विषय संपला. चौतीस वर्षं असं कुणी उलट बोललं नाही, की माणसाला वाटायला लागतं आपण बोलतो ते बरोबरच असतं. घरीही तेच. भाजीत मीठ किती, माझ्या लेकीच्या, तेजलच्या अंगात ताप किती, नाशिकहून सटाण्याला किती तास, सगळं तोंडावर तयार. आम्ही आता नाशिकला राहतो. मी इंदिरानगरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे, दिवसभर लोकांचं रक्त काढते. आमच्या शेजारच्या लताबाई तपासणीला आल्या होत्या, तर आबा आदल्या दिवशीच म्हणाले, "दहाच्या खाली असंल बघ तिचं हिमोग्लोबिन. डोळे बघ की तिचे." आणि निघालं नऊ पॉइंट आठ! संताप होतो की नाही अशा माणसाचा?

आता समुद्राचं एवढं ज्ञान विंचूरच्या माणसाला आलं कुठून, ते सांगते.

मार्केटला सुट्ट्या होत्या, नाही असं नाही. पण सणाची सुट्टी म्हणजे घरी सण, लग्नसराईत लग्नं, उरलेल्या दिवशी स्वतःच्या वावरातली कामं. माणसाच्या हक्काची, कुणाचं काही न लागणारी सुट्टी एकच, अमावस्या. त्या दिवशी लिलाव होत नसत, जुनी रीत होती ती. सारं जग अमावस्येला घराबाहेर पाऊल टाकायला कचरतं, आणि आमचे आबा त्याच दिवशी बायकापोरांना घेऊन सहलीला निघायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा माझा नवरा, मनोज, दोन वर्षांचा होता. कुठल्याशा व्यापाऱ्याचा ट्रक डहाणूला कांदा टाकायला निघाला होता, त्यात केबिनमध्ये बसून हे तिघं गेले. समुद्र पाहिला, आबांचं डोकं फिरलं. त्यानंतर वर्षातून एकदा तरी डहाणू ठरलेलंच. आधी ट्रकने, मग एसटीने, मग शेजाऱ्याच्या जीपने, आणि आता मनोजच्या गाडीने.

नातेवाइकांनी काय कमी टोमणे मारले? "अवसेला कोण निघतं गावाला? दरेकरांना वेड लागलंय." माझ्या सासूबाई, नवसाबाई, दर वेळी चाकाखाली लिंबू ठेवायच्या, तोंडाने काहीतरी पुटपुटायच्या आणि डोळे मिटून गाडीत बसायच्या. आबा म्हणायचे, "ठेव, ठेव. सरबताला एक लिंबू कमी, एवढंच." तीस-बत्तीस वर्षांत एकदा टायर पंक्चर झालं आणि एकदा मनोजला उलट्या झाल्या. बाकी काही झालं नाही. ते पंक्चर मात्र सासूबाई अजून ऐकवतात.

मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही हे विचित्रच वाटलं होतं. माझ्या माहेरी तर अमावस्येला नखंसुद्धा कापत नाहीत. पण खरं सांगते, त्या प्रवासाची मला चटक लागली. पहाटे त्र्यंबकचा रस्ता धरायचा, मोखाड्याच्या वळणांवर सासूबाईंनी खोबऱ्याचा तुकडा चघळत देवाचं नाव घ्यायचं, जव्हारला चहा, मग घाट उतरता उतरता हवा जड आणि दमट होत जायची आणि कासा आलं की मनोज खिडकीची काच खाली करायचा. डहाणूच्या पुढं एका लहान गावात सगुणाबाई म्हणून एक बाई चिकूच्या वाडीतल्या दोन खोल्या भाड्याने देतात. मी या घरात यायच्या आधीपासून, गेली अकरा वर्षं, आमच्या घरचे तिथेच उतरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गेलं की समुद्र पार लांब गेलेला असायचा, नुसती ओली वाळू. त्या वाळूच्या पलीकडे चारशे-साडेचारशे पावलांवर एक पसरट खडक उघडा पडायचा. त्याला आम्ही 'कट्टा' म्हणायचो. तिथे बसून शंख वेचायचे, खेकडे बघायचे. नऊच्या सुमाराला आबा उठायचे, "चला, आता त्याची ड्युटी सुरू होती," म्हणायचे. आम्ही किनाऱ्यावर येऊन पोहे खायचो आणि बाराला लाटा सुरूच्या झाडांना लागलेल्या असायच्या. थोडं इकडं-तिकडं झालं तरी आबांच्या लेखी ते बाराच. तेव्हा मी तरी कशाला शंका घेऊ?

तुमच्या लक्षात आलं का? आमच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या अख्ख्या घराने समुद्र पाहिला होता तो फक्त अमावस्येचा.

यंदा गंमत अशी झाली की वैशाखातली अमावस्या आठवड्याच्या मधोमध आली. तेजलची दुसरीची परीक्षा संपलेली, ती "डहाणू, डहाणू" करून डोकं खाणार, आणि मनोजच्या कंपनीत ऑडिट. तो म्हणाला, "आबा, आता तुमचं मार्केट नाही, काही नाही. रिटायर होऊन आठ वर्षं झाली. शनिवार-रविवारी जाऊ की माणसासारखं." आबा दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चला. समुद्र काय कुठं पळून जातो का?"

सासूबाईंचा आनंद काय सांगू! शुक्रवारी निघायचं ठरलं आणि शुक्रवारी निघाली एकादशी. "बत्तीस वर्षांत पहिल्यांदा चांगल्या दिवशी निघतेय मी या माणसासंगं," असं त्यांनी अख्ख्या सोसायटीला सांगितलं. लिंबूबिंबू काही ठेवलं नाही.

संध्याकाळी साडेसहाला पोहोचलो. बॅगा टाकल्या आणि किनाऱ्यावर गेलो, तर पाणी अगदी जवळ. आबांच्या हिशेबाने त्या वेळी ते पार मागं जायला हवं होतं. मी म्हणाले, "आबा, आज जवळच दिसतंय की हो." आबांनी कपाळाला आठ्या घातल्या, थोडा वेळ बघितलं. मग म्हणाले, "वारा हे ना आज. वाऱ्यानं ढकललं असंल." मला पटलं. ते वजन बोलले होते ना, विषय संपला.

शनिवारी सकाळी सहाच्या सुमाराला दारावर टकटक झाली. उजाडायला लागलं होतं. तेजल आधीच उठून, सॅंडल घालून, हातात प्लॅस्टिकची बादली घेऊन तयार. आबा दारातून म्हणाले, "छाया, घेऊन जाऊ का हिला कट्ट्यावर? आठला माघारी." मी जागी होते. पूर्ण जागी. म्हणाले, "जा. पण पोह्यांच्या आत या." आणि कूस बदलून पांघरूण ओढून घेतलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढं मी आबांना जे काही बोलले, ते बोलताना हे सोयीने विसरले होते.

सव्वासातला उठून मी अंगणात आले. सगुणाबाई चुलीवर चहा उकळत होत्या. म्हणाल्या, "लेक कुठं गेली गो तुझी?" मी म्हटलं, "आजोबांबरोबर. कट्ट्यावर."

त्यांनी हातातला डाव खाली ठेवला. "आज? आज बारस हाय. साडेनवाला पाणी भरतंय. आता त्या खडकावर..." पदर खोचला आणि अनवाणी पळत सुटल्या. साठीची बाई, पण मला त्यांना गाठता येईना. मी पळता पळता मनोजला हाक मारली. कशी मारली मला आठवत नाही. तो बनियनवरच धावत आला.

किनाऱ्यावर पोहोचले. सकाळी जिथे वाळू असते तिथे सगळं पाणी. आणि त्या पाण्याच्या मधोमध, लांब, आबा उभे. गुडघ्यापर्यंत पाण्यात. तेजल त्यांच्या खांद्यावर.

नंतर कळलं ते असं, की किनारा आणि खडक यांच्या मध्ये एक ओहोळ आहे. ओहोटीला तो घोट्याएवढा असतो, लक्षातही येत नाही. पाणी चढायला लागलं की समुद्राकडून दिसायच्या आधी ते मागच्या बाजूने, त्या ओहोळातून शिरतं. आबा तेजलला खेकडे दाखवत समुद्राकडे तोंड करून बसलेले. मागं वळून बघेपर्यंत परतीची वाट छातीएवढी खोल झालेली आणि तिच्यात ओढ.

मनोज सरळ पाण्याकडे निघाला. सगुणाबाईंनी मागून त्याचा बनियन धरला, तो टर्रकन फाटला, पण त्यांनी सोडला नाही. "तिथं ओहोळ हाय! तुला घेऊन जाईल तो. मग मी तिघांना शोधत बसू काय?" त्यांनी कमरेचा मोबाइल काढला. मंगळू म्हणून एक मच्छीमार खाडीच्या तोंडाशी सकाळी जाळी बघायला जातो, त्याची लहान होडी आहे. फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. परत तेच. तिसऱ्यांदा त्याने उचलला. सगुणाबाई एवढंच म्हणाल्या, "मंगळू, खडकावर पोर हाय. जाळी तिथंच ठेव नि ये." 

त्याला यायला किती वेळ लागला? मनोज म्हणतो वीस मिनिटं. असतील. माझ्यासाठी तो दिवस अजून कुठेतरी तिथेच अडकलाय.

पाणी आबांच्या मांडीपर्यंत आलं. मी रोज सुई बघून चक्कर येणाऱ्या माणसांना सावरते, आता मीच मनोजचा दंड धरून उभी होते. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी एकदा पाहिलं, मटकन वाळूत बसल्या आणि तिथूनच जिवाच्या आकांताने ओरडल्या, "अहो! हलू नका! जागचे हलू नका!" ऐकू गेलं की नाही देव जाणे. आबा तसेही हलत नव्हते.

आणि या सगळ्यात तेजल काय करत होती? हात हलवत होती! आजोबांच्या खांद्यावर बसून, बादली डोक्यावर टोपीसारखी घालून, आम्हाला टाटा करत होती. तिला वाटलं आम्ही सगळे तिला बघायला जमलोय. तिने घाबरता कामा नये म्हणून मी दोन्ही हात वर करून हसत हसत टाटा करत राहिले, आणि त्याच तोंडाने आबांना शिव्या देत राहिले. थेरडं, अतिशहाणं, चौतीस वर्षं काटा धरला म्हणून काय समुद्र तोलायला निघालं, काय काय बोलले. सासूबाई शेजारीच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि एका शब्दाने मला अडवलं नाही.

पाणी कमरेला लागलं तेव्हा खाडीकडून होडी दिसली. एक किडकिडीत माणूस बांबूने ती ढकलत येत होता, घाई अजिबात नाही. मला वाटलं आता मीच उडी मारून ती होडी ढकलत न्यावी. पण तो सरळ नाही गेला, लांबून वळसा घालून खडकाच्या समुद्राकडच्या बाजूने गेला, जिथे ओढ कमी होती. होडी आबांना लागली. आधी तेजल आत गेली. मग मंगळूने आबांच्या काखेत हात घातला. आबांना चढता येईना. दोनदा घसरले. तिसऱ्यांदा ते होडीत पालथे पडलेले मला दिसले आणि माझा जीव भांड्यात पडला. देवा रे देवा! मी तिथेच वाळूवर बसून ढसाढसा रडले आणि रडता रडता हसत सुटले. मनोज फाटक्या बनियनमध्ये होडीकडे धावत होता, ते बघून आणखी हसू आलं.

तेजल माझ्या हातात आली. कोरडी! पायाची बोटं तेवढी ओली. मी तिला इतकं आवळलं की ती ओरडली, "आई, श्वास!" मग म्हणाली, "आई, आबा ना एकदम भारी खेळतात. आम्ही पुतळा-पुतळा खेळत होतो. जो हलेल तो आउट. मी दोनदा हलले. आबा एकदापण नाही हलले, लाट आली तरीपण नाही." आणि मग मंगळूकडे वळून, "काका, अजून एक राउंड मारा ना!"

मंगळूने चहा घेतला, बाकी काही घ्यायला तयार होईना. मनोज त्याचे पाय धरायला गेला तर तो दोन पावलं मागंच सरकला. जाताना मला म्हणाला, "म्हातारा उभा राहिला, बरं केलं. पोर घेऊन ओहोळात उतरला असता तर दोघंपण नसती घावली. भल्याभल्यांना उभं राहवत नाय, बाय."

तोवर सासूबाईंना वाचा फुटली होती. आणि फुटली म्हणजे कशी! "बत्तीस वर्षं! बत्तीस वर्षं अवसेला नेलं मला या माणसानं, केसाला धक्का लागला नाय. आणि एकदा, एकदाच मी एकादशीला निघाले, तर हे! आता मेले तरी चांगल्या दिवशी घराबाहेर पडायची नाय मी!" सगुणाबाईंनी पदर तोंडात कोंबला. मनोज खो खो हसायला लागला, मग मी, मग तेजल, कशाला हसतोय ते न कळता. इतकं हसलो की पोटात दुखायला लागलं. आबा तेवढे हसले नाहीत. ओल्या धोतराने ओट्यावर बसून राहिले.

मग सगुणाबाईंनी सगळं समजावून सांगितलं. अवसेला आणि पुनवेला भरती बाराच्या आसपास असते. पुढं रोज पाऊण तास, पाऊण तास उशीर. आठवड्याने सगळं उलटं होतं, बाराला भरती असते तिथे बाराला ओहोटी. "आमच्याकडं शेंबड्या पोराला पण ठाऊक असतं," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "मग अकरा वर्षांत एकदा तरी सांगायचं ना आम्हाला!" तर म्हणतात, "तुम्ही दर वेळी अवस धरून येता. मला वाटलं, नाशिकची माणसं, मुद्दाम उधाण बघायला येतात. केवढी जाणती माणसं, असं मीच दुसऱ्या पाहुण्यांना सांगते." घ्या! आम्ही जाणती माणसं.

आबांनी पोहे खाल्ले नाहीत. दुपारी जेवले नाहीत. मनोजला म्हणाले, "गाडी काढ, घरी जाऊ." मनोज म्हणाला, खोली उद्यापर्यंत आहे. तर उठून वाडीत गेले आणि एका चिकूच्या झाडाखाली आमच्याकडे पाठ करून बसले.

तीनच्या सुमाराला मी चहा घेऊन गेले. खरं सांगायचं तर चहा हे निमित्त होतं, मला भांडायचं होतं. तेजल आत सुखरूप झोपली होती, भीती उतरली होती आणि आता राग चढायला लागला होता. मनात वाक्यं तयार करून गेले होते. समोर गेले तर आबांच्या उघड्या छातीवर दोन्हीकडे लाल वळ उमटलेले. तेजलच्या सॅंडलच्या पट्ट्यांचे.

त्यांनी चहा घेतला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "छाया, इतकी वर्षं एकच दिवस बघून राह्यलो मी. आन् सांगत फिरलो, मला समुद्र कळतो म्हणून. मार्केटात असं कुणी केलं असतं, एकच गोणी तोलून अख्ख्या ट्रॅक्टरचं वजन सांगितलं असतं, तर मी त्याला हाकलून दिला असता." मग म्हणाले, "तुझी पोर हे. इथून पुढं माझ्यासंगं धाडत जाऊ नको तिला. शाळेतसुद्धा नको. मनोजला मी सांगतो."

माझी सगळी तयार वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी तिथेच मातीत बसले. म्हणाले, "आबा, सकाळी सहाला तुम्ही दार वाजवलं तेव्हा मी झोपेत नव्हते. जागी होते. काल संध्याकाळी पाणी जवळ होतं, तेही मीच पाहिलं होतं. आईंना विचारायचं, सगुणाबाईंना विचारायचं, मोबाइलवर बघायचं, काहीतरी सुचायला हवं होतं की नाही मला? पोर माझी ना? मी 'जा' म्हणाले आणि पांघरूण घेऊन झोपले. मलासुद्धा समुद्र बारालाच येतो असं वाटत होतं."

आबांनी पहिल्यांदा वर बघितलं.

"आणि आज पाण्यात उभी मी असते ना," मी म्हणाले, "तर उभी राहिले नसते. मी तिला घेऊन धावले असते. त्या ओहोळातून. तो मंगळू काय म्हणाला, ऐकलंत ना?"

एवढं बोलले आणि मला परत रडू आलं. आबाही रडले. सासरा आणि सून समोरासमोर बसून रडतायत, बघणाऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे. मग आबांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि थंड झालेला चहा एका घोटात संपवला. म्हणाले, "साखर जास्त झाली." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

चारला तेजल उठली आणि तिचं सुरू झालं, चला, चला. मी मुद्दाम सगळ्यांसमोर सगुणाबाईंना विचारलं, "आत्ता पाणी कुठं?" त्या म्हणाल्या, "आता पार मागं. सहापर्यंत काळजी नाय." मी आबांना म्हणाले, "घेऊन जा तिला." आबांनी मान हलवली, नाही म्हणून. मग म्हणाले, "तू येशील का?"

आम्ही तिघंच गेलो. मनोजला आणि सासूबाईंना किनाऱ्यावर बसवलं. ऊन कललं होतं, वाळू सगळी उघडी, सकाळचं पाणी कुठे गेलं कळत नव्हतं. तेजल पुढं उड्या मारत होती. आबा हळूहळू चालत होते, दर दहा पावलांवर मागं वळून बघत होते. आणि मग तो ओहोळ आला. आता नुसता घोट्याएवढा, स्वच्छ, तळाचे शिंपले दिसत होते. तेजल पचाक पचाक करत पलीकडे गेलीसुद्धा. आबा काठावर थांबले. एक पाऊल उचललं आणि परत मागं घेतलं. त्यांचे पाय थरथरत होते, सकाळी कमरेएवढ्या पाण्यात न हललेले पाय. "छाया," ते म्हणाले, आणि हात पुढं केला.

आमच्यात सासऱ्याने सुनेचा हात धरायची पद्धत नाही. नऊ वर्षांत मी त्यांना चहाचा कप दिला तो ओट्यावर ठेवून, औषध दिलं ते सासूबाईंच्या हातून, आणि पाया पडले ती लांबून. तो हात हवेत तसाच होता. मी तो धरला. चांगला घट्ट धरला. आम्ही दोघं ओहोळ ओलांडून पलीकडे गेलो, आणि परत येतानाही पायाला कोरडी वाळू लागेपर्यंत ना त्यांनी हात सोडला, ना मी.